मदत हवी आहे: चुंबकीय दाबाखाली नमुना गार राहतो तो कसा?

मंडळी, एम.एस्सी. भौतिकीचा सेमिनार चवथीनंतर लगेच आहे आणि गाडी एका जागी अडलीय. फोंड्याला घरी आलोय, आई गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला पिटाळतेय, आणि मी स्पंदित चुंबकीय क्षेत्राने घन पदार्थ दाबत बसलोय. कागदावरच.

इथवर जमलं: दाब क्षेत्राच्या वर्गाने वाढतो. १ टेस्लाला जेमतेम ४ वातावरणांइतका, १०० टेस्लाला ४ गिगापास्कल (सुमारे ४० हजार वातावरणं), १००० टेस्लाला ४०० गिगापास्कल, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातल्याहून जास्त. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रात २ कोटी अँपिअरहून जास्त प्रवाह साधारण १०० नॅनोसेकंदांत चढवतात. तो ॲल्युमिनियमच्या पट्टीतून जातो, क्षेत्र पट्टीला ढकलतं, पलीकडे नमुना चिकटवलेला. दाब हळूहळू चढतो म्हणून आघात-तरंगाने (एकदम आदळणाऱ्या दाबाच्या लाटेने) तापतो तितका नमुना तापत नाही म्हणे. (हळूहळू! १०० नॅनोसेकंद!)

पण एवढ्या प्रवाहाने पट्टी वितळणारच ना? तांब्याचाही पृष्ठभाग १०० टेस्लाच्या आसपास वितळू लागतो. शिवाय क्षेत्र ॲल्युमिनियममध्ये किती खोल शिरतं ते काढलं तर ०.८ मिलिमीटर आलं. पट्टी मिलिमीटरभर धरली तर नमुना भाजून निघेल. सरांना विचारलं, "पुन्हा करून बघ" म्हणाले.

निवृत्त मास्तर: वारंवारता किती धरलीस? क्षेत्र किती खोल शिरतं ते तिच्यावर ठरतं.

धागाकर्ता: १० किलोहर्ट्झ. कॅपॅसिटरने शीतपेयाचा डबा चेपायचा प्रयोग पाहिला होता, त्याचीच घेतली.

निवृत्त मास्तर: तिथेच घोटाळा झाला बाबा. १०० नॅनोसेकंद म्हणजे पाव आवर्तन धर, वारंवारता अडीच मेगाहर्ट्झ येते. खोली ०.०५ मिलिमीटरवर येईल. दाबाची लाट तेवढ्याच वेळात अर्धा मिलिमीटर पळते, कारण ॲल्युमिनियममध्ये तिचा वेग सेकंदाला ५ किलोमीटरहून जास्त. धातू तापला की रोध वाढून क्षेत्र आणखी आत घुसतं हे खरं, पण लाट पुढेच राहते. वितळलेला थर पोचायच्या आत मोजमाप उरकतात.

तू काळजी करायला हवी ती दुसऱ्याच गोष्टीची. दाबलेल्या धातूत मागची लाट जास्त वेगाने येते, पुढचीला गाठते, आणि जो आघात टाळायचा तोच तयार होतो. म्हणून नमुना पातळ ठेवतात, आणि झेडची ३६ मॉड्यूलं (प्रवाह पुरवणारे वेगवेगळे संच) वेगवेगळ्या क्षणी सोडून प्रवाहाचा चढ हवा तसा घडवतात. प्रश्न यावरच येणार बघ.

धागाकर्ता: ०.०५२ आलं! आभारी आहे मास्तर. मॉड्यूलांचं रात्री वाचतो, आधी बाजारात जाऊन येतो.