सॉनामध्ये बसणे हा व्यायाम धरावा का?

मूळ प्रश्न

नमस्कार. गेले काही महिने मी आणि माझी आई नियमितपणे सॉनामध्ये, म्हणजे बसायला फळ्या असलेल्या खूप तापवलेल्या खोलीत, जातो. वरच्या फळीवर पंधरा मिनिटे बसले की मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके मिनिटाला १२० च्या पुढे दिसू लागतात, सर्वांग घामाने निथळते आणि बाहेर आल्यावर भरभर चालून आल्यानंतर वाटावे तसे दमलेले पण मोकळे वाटते. घड्याळ तर ती वेळ सरळ व्यायामाच्या खात्यात टाकते आणि खर्च झालेल्या कॅलरींचा आकडाही दाखवते.

हा प्रश्न मी केवळ कुतूहलापोटी विचारत नाही. आईला गुडघेदुखी आहे. सॉनामुळे तिला आराम पडतो हे खरे, परंतु ‘तिथे बसल्या जागी हृदयाचा व्यायाम होतोच’ असे कोणीतरी सांगितल्यापासून तिने चालणे जवळजवळ सोडून दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची शारीरिक हालचाल सांगितली आहे. सॉनातली मिनिटे त्या १५० मध्ये मोजता येतील का? जाणकारांनी कृपया कारणांसह सांगावे, म्हणजे मला ते आईला समजावून सांगता येईल.

प्रतिसाद १

माझ्या मते काही प्रमाणात मोजायला हरकत नसावी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात १९ निरोगी व्यक्तींना २५ मिनिटे सॉनामध्ये बसवून त्यांचा रक्तदाब आणि हृदयगती सतत मोजण्यात आली, आणि त्याच व्यक्तींच्या सायकलवरील चाचणीशी त्याची तुलना करण्यात आली. ६० ते १०० वॅट इतक्या शक्तीने सायकल चालवताना हृदयावर जेवढा भार येतो, साधारण तेवढाच भार सॉनामध्ये आढळला. शिवाय सॉनानंतर विश्रांती घेताना रक्तदाब आधीच्या पातळीपेक्षाही खाली आला, जे व्यायामानंतरही घडते. ठोके चालण्याने वाढले की उष्णतेने, हे हृदयाला कुठे ठाऊक असते?

प्रतिसाद २

वरील अभ्यास मोलाचा आहे, पण त्यात हृदयावरचा भार मोजला होता, स्नायूंचे काम नव्हे. मी व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि विद्यार्थीही नेमका हाच प्रश्न दरवर्षी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते हे दोन गोष्टींवर ठरते: ठोके किती पडतात आणि एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडते. भरभर चालताना या दोन्ही गोष्टी वाढतात. पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू आकुंचन पावताना शिरांमधले रक्त पिळून हृदयाकडे परत पाठवतात, त्यामुळे हृदय अधिक भरते आणि अधिक जोराने रिकामे होते. ते रक्त कामाला लागलेल्या स्नायूंकडे जाते आणि तिथे त्यातला ऑक्सिजन मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. सॉनामध्ये यांपैकी फक्त ठोके वाढतात. ८० ते १०० अंश सेल्सिअस तापलेल्या हवेत त्वचेतील रक्तवाहिन्या पसरतात, रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो, आणि वाहिन्यांचा विरोध कमी झाल्यामुळे रक्तदाब टिकवण्यासाठी हृदयाला ठोके वाढवावे लागतात. एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त मात्र फारसे वाढत नाही, आणि या सगळ्या गडबडीत मांडीचा स्नायू स्वस्थ पडून असतो. तेव्हा ठोके कशाने वाढले हे हृदयाला ठाऊक नसले, तरी ते भरण्याची आणि रिकामे होण्याची तऱ्हा दोन्ही वेळी वेगळी असते.

आता घड्याळाविषयी. मनगटावरचे घड्याळ ऑक्सिजनचा वापर मोजत नाही; ते नाडीवरून कॅलरींचा अंदाज बांधते, आणि ठोके वाढले म्हणजे स्नायूंनी त्या प्रमाणात ऑक्सिजन वापरला, हे त्यात गृहीत धरलेले असते. चालताना हे गृहीतक बऱ्यापैकी खरे ठरते, सॉनामध्ये मात्र ते कोलमडते. ७० किलो वजनाची व्यक्ती नुसती बसून २० मिनिटांत साधारण २३ कॅलरी खर्च करते. उष्णतेमुळे हा खर्च दुप्पट झाला असे उदारपणे धरले, तरी वरची भर जेमतेम २३ कॅलरींची होते, आणि तेवढाच वेळ भरभर चालल्यास एकूण खर्च ९० च्या आसपास जातो. मध्यम श्रम म्हणण्यासाठी ऊर्जेचा खर्च विश्रांतीच्या किमान तिप्पट व्हावा लागतो. १५० मिनिटांचा हिशेब याच मोजमापावर उभा आहे, त्यामुळे सॉनातली मिनिटे त्यात बसत नाहीत.

घामाबद्दलही एक मोठा गैरसमज आहे. अर्धा लिटर घामाची वाफ व्हायला सुमारे २९० कॅलरी उष्णता लागते, आणि कोणी हा आकडा पाहिला तर तेवढी चरबी जळाली असे त्याला वाटू शकते. परंतु ती उष्णता मुख्यतः बाहेरच्या तापलेल्या हवेतून शरीरात शिरलेली असते. घाम ती पुन्हा बाहेर घालवत असतो. वजनकाट्यावर दिसलेली घट ही पाण्याची घट आहे आणि पाणी प्यायल्यावर ती भरून निघते, निघायलाच हवी.

याचा अर्थ उष्णतेचा उपयोग नाही, असा मुळीच नाही. वारंवार उष्णता सोसल्याने शरीर रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढवते आणि रक्तवाहिन्या अधिक सहज पसरू लागतात. सहा धावपटूंवर केलेल्या २००७ च्या एका छोट्या अभ्यासात, धावण्याचा सराव झाल्यावर सॉना, असे तीन आठवडे केल्यावर त्यांची दमेपर्यंत धावण्याची वेळ ३२ टक्क्यांनी वाढली होती. हे सर्व जण सरावाचे धावपटू होते आणि सॉनाबरोबर त्यांचे धावणेही चालूच होते, ही बाब येथे सर्वांत महत्त्वाची आहे. स्नायूंचे बळ, हाडांची घनता आणि तोल सांभाळण्याची क्षमता या गोष्टींना वजन पेलावे लागते, हालचाल करावी लागते. फळीवर बसून त्या मिळत नाहीत आणि उतारवयात नेमकी त्यांचीच गरज सर्वाधिक असते.

प्रतिसाद ३

दीर्घायुष्याच्या ज्या गोष्टी सॉनाबाबत सांगितल्या जातात, त्यांचा बराचसा आधार पूर्व फिनलंडमधील कुओपिओ येथील अभ्यासात आहे, म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे २० वर्षे मागोवा घेण्यात आला. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयक्रिया अचानक बंद पडून मृत्यू येण्याचा धोका, एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी कमी आढळला. आकडा थक्क करणारा आहे, पण हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. ज्याची प्रकृती मुळात ठणठणीत तोच रोज सॉनामध्ये बसू शकतो, आणि आजारी माणूस आपोआप कमी वेळा जातो. संशोधकांनी वय, धूम्रपान, शारीरिक हालचाल वगैरे गोष्टी हिशेबात घेतल्या असल्या, तरी ही शंका पूर्णपणे फिटत नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो याच गटाचा २०१८ मध्ये आलेला पुढचा अभ्यास. ज्यांची हृदय-फुप्फुसांची क्षमता चांगली होती आणि जे वारंवार सॉनाही घेत होते, त्यांच्यातला धोका सर्वांत कमी होता. दोहोंपैकी एकच गोष्ट असणाऱ्यांना तेवढा लाभ दिसला नाही. त्यानंतर २०२२ मध्ये फिनलंडमध्येच ४७ बैठ्या जीवनशैलीच्या व्यक्तींवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यात व्यायामानंतर १५ मिनिटे सॉना घेणाऱ्यांची क्षमता नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक वाढली आणि त्यांचा वरचा रक्तदाबही अधिक उतरला. हा लाभ व्यायामात भर घालून मिळालेला आहे, व्यायाम वगळून नव्हे.

सॉनाला व्यायाम म्हणू नये असे मला आणखी एका कारणाने वाटते. व्यायाम म्हटले की माणूस मिनिटे आणि तापमान वाढवत नेतो, अजून थोडे सोसू या म्हणतो. फिनलंडमधील हाइनोला येथे सॉनामध्ये अधिकाधिक वेळ टिकून राहण्याची स्पर्धा भरत असे. २०१० च्या अंतिम फेरीत ११० अंश तापमानात बसलेल्या एका स्पर्धकाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर ती स्पर्धा कायमची बंद झाली. धावताना पाय थकले की माणूस आपोआप थांबतो, पण उष्णतेत बसलेल्याला धोका वेळेवर जाणवेलच असे नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. घामाचा आणि घड्याळाचा मुद्दा आईला लगेच पटेल असे वाटते. आता अडचण एवढीच उरते की चालल्यावर तिचा गुडघा खरोखर दुखतो, त्यामुळे ‘चालत जा’ एवढे सांगून भागणार नाही. तिला रक्तदाबाच्या गोळ्याही चालू आहेत. अशा स्थितीत तिने नेमके काय करावे आणि सॉना चालू ठेवावा का?

प्रतिसाद ४

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपल्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढील गोष्टी त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवाव्यात.

गुडघ्याची झीज असताना व्यायाम टाळायचा नसतो, उलट तो उपचाराचा मुख्य भाग असतो, कारण मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की सांध्यावर येणारा ताण बराच सुसह्य होतो. चालणे जमत नसेल तर सुरुवात खुर्चीपासून करावी. पक्क्या, जरा उंच खुर्चीवर पुढच्या बाजूला बसून, पाय जमिनीवर टेकवून, शक्य तेवढा हातांचा आधार न घेता सावकाश उठावे आणि त्याहून सावकाश बसावे; बसताना शरीर धप्पकन सोडून देऊ नये, कारण स्नायूचा अर्धा व्यायाम त्या खाली येण्यातच होतो. याखेरीज पाठीवर झोपून एक पाय सरळ ठेवून थोडा वर उचलून धरणे आणि जागेवरची सायकल कमी रोधावर फिरवणे हेही बहुतेकांना जमते. व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर घाबरू नये. मात्र दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले, तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे. आठवड्याच्या १५० मिनिटांत सायकलची मिनिटे नक्की धरता येतात. खुर्चीच्या व्यायामाची गणना वेगळी होते, कारण त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम स्वतंत्रपणे सांगितलेले आहेत.

सॉना बंद करण्याचे कारण सकृद्दर्शनी दिसत नाही, परंतु गोळ्यांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवावी. रक्तवाहिन्या पसरवणारी किंवा लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे चालू असतील, तर उष्णतेत रक्तदाब एकदम घसरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारे औषध, चालू असेल, तर ठोके फारसे वाढतच नाहीत, त्यामुळे घड्याळातला कमी आकडा पाहून सर्व ठीक आहे असे समजू नये. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असल्यास, विश्रांतीतही छातीत दुखत असल्यास किंवा महाधमनीची झडप फार अरुंद झालेली असल्यास सॉना टाळावा.

या अडचणी नसतील, तर व्यायाम आधी आणि सॉना नंतर हा क्रम ठेवावा. मध्ये दहा मिनिटे थांबून पाणी प्यावे, खालच्या फळीवर बसावे, कारण तेथील हवा वरच्या फळीपेक्षा बरीच कमी तापलेली असते, आणि बाहेर पडण्यापूर्वी एखाद-दोन मिनिटे पाय हलवत बसून मग आपला हात धरून त्यांना उठू द्यावे.