शब्दचर्चा : 'फोर्क'ला 'कैची' म्हणावं का?

प्रश्न : बुद्धिबळाच्या नवशिक्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. 'फोर्क'ला (एकाच मोहऱ्याने एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर केलेला मारा) 'कैची' चालेल का, की 'दुहेरी मारा'?

प्रतिसाद : 'कैची' नको. मराठीत कैचीत सापडतो तो एकटा आणि धरणारे दोन बाजूंनी दोघं. फोर्कमध्ये नेमकं उलट, एकच मोहरा दोघांना धरतो. 'दुहेरी मारा' शब्द छान आहे, पण त्याची व्याप्ती मोठी. घोडा बाजूला झाला, मागच्या उंटाचा शह उघडला आणि त्याच खेळीत घोड्याने वजिरावर नेम धरला, तर मारा दुहेरीच. पण मारणारेही दोन, म्हणून तो फोर्क नव्हे. सरळ 'फोर्क'च लिहा. पटावर 'घोड्याने फोर्क मारला', 'वजीर फोर्कमध्ये सापडला' असंच बोलतात.

प्रतिसाद : व्याख्या एका ओळीत उरका आणि पट मांडा. काळा राजा ई८ वर (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या ओळीचा), हत्ती ए८ वर, पांढरा घोडा बी५ वर. सी७ या घरावर काळ्याचा जोर नाही, म्हणजे तिथे आलेला मोहरा काळ्याला मारता येत नाही. (काळा वजीर डी८ वरच असेल तर जोर आहे, तो आधी हलवा. मुलं हे हमखास विसरतात.) घोडा सी७ वर गेला की शह. राजा हलला की हत्ती गेला. मग घरांचे रंग बघायला सांगा. राजा आणि हत्ती दोघंही पांढऱ्या घरात आहेत, घोडा काळ्या घरात. घोडा नेहमी विरुद्ध रंगाच्या घरांवरच मारा करतो, त्यामुळे दोन मोहरे वेगवेगळ्या रंगांच्या घरांत असतील तर घोड्याचा फोर्क शोधत बसण्यात अर्थ नाही.

थोड्या मोठ्या मुलांना १९६६ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला दहावा डाव दाखवा. जगज्जेत्या पेट्रोस्यानने वजीर थेट एच८ वर नेऊन शह दिला. राजाने तो घेतला की घोडा एफ७ वरचा हत्ती मारून पुन्हा शह देणार, आणि जी५ वरचा वजीरही त्याच फोर्कमध्ये! आव्हानवीर स्पास्कीने तिथेच डाव सोडला.

प्रश्नकर्ता : म्हणजे 'फोर्क'च. पण तो फक्त घोड्याचाच का?

प्रतिसाद : छे, प्याद्याचाही होतो. पांढरा उंट सी४ वर, घोडा ई४ वर. काळं प्यादं डी५ वर सरकवा. त्या प्याद्याला मागून वजिराचा जोर हवा, एवढंच.