मदत हवी आहे: आयसीयूतले खोटे अलार्म ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी ताई इथल्याच एका रुग्णालयात आयसीयूत सिस्टर आहे. ती म्हणते, रात्रभर मॉनिटर कोकलत असतात आणि पेशंटने नुसती कूस बदललेली असते. त्यात आपला उन्हाळा, घामाने इलेक्ट्रोड सुटतात ते वेगळंच. कान इतका सरावतो की खऱ्या अलार्मकडेही दुर्लक्ष व्हायची भीती.

म्हणून प्रोजेक्टला हाच विषय घेतला. ईसीजीतून हृदयाचे ठोके ओळखायला १९८५ ची पॅन-टॉम्पकिन्स पद्धत पायथनमध्ये लिहिली. एमआयटी-बीआयएच या खुल्या ईसीजी संग्रहाच्या ४८ नोंदींवर छान चालली. रुग्णालयाने परवानगीने, नावं काढून दिलेल्या नोंदींवर मात्र साफ आपटली. निम्मा घोळ माझाच: एमआयटीचा डेटा अमेरिकेतला, तिथली वीज ६० हर्ट्झची, आणि विजेचा गोंगाट काढणारा फिल्टर मी तसाच ठेवलेला! आपल्या विजेप्रमाणे ५० केल्यावर बरंच सुधारलं. हालचालीचा गोंधळ काही जात नाही.

बोटाच्या क्लिपचा पीपीजी (प्रकाशाने नाडी टिपणारा) सिग्नलही आहे. ईसीजी म्हणतो हृदय थांबलं, पण बोटात नाडी व्यवस्थित दिसतेय, तर अलार्म खोटा धरायचा, असा विचार आहे. बोटापर्यंत नाडी जरा उशिरा पोचते, तर दोन्ही ठोके जुळवताना किती वेळाची खिडकी ठेवता? आणि पीपीजीच खराब असेल तर ते कशावरून ठरवायचं? फिजिओनेट या वैद्यकीय डेटाच्या संकेतस्थळाची २०१५ ची स्पर्धा याच विषयावर होती, तो डेटा कुणी वापरलाय का?

साधा लॅपटॉप आहे, जीपीयू वगैरे नाही. आणि ताईची अट: खरा अलार्म एकही दाबला जाता कामा नये.