असिस्टेड लिव्हिंग: राहणाऱ्यांचे, ठेवणाऱ्यांचे आणि परत आणणाऱ्यांचे अनुभव

धागा काढायचं कारण, सासूबाईंसाठी आम्ही असिस्टेड लिव्हिंगची (म्हणजे स्वतःची खोली आणि रोजच्या कामांना मदतनीस असं राहण्याचं ठिकाण) जागा बघत फिरतोय आणि प्रत्येक ठिकाणी आधी बाग दाखवतात, मग लायब्ररी, मग तो मोठा हॉल, आणि रात्री बेल वाजवली तर कोण येतं असं विचारलं की "चोवीस तास स्टाफ असतो मॅडम", बास. सासूबाई ८१ वर्षांच्या, डोकं एकदम टकाटक, पण गुडघे गेलेत आणि बाथरूममध्ये एकटीने जायची धास्ती घेतलीय. जायचं त्यांचं त्यांनीच ठरवलंय, हे आधीच सांगते म्हणजे "म्हाताऱ्या माणसाला टाकताय का" वाले प्रतिसाद टळतील. ज्यांचं कोणी राहतंय किंवा राहून आलंय त्यांनी लिहा, चांगलं-वाईट सगळं.

थोरली
माझी आई राहते. सगळ्यात मोठा फायदा मला झाला खरं तर. घरी होती तेव्हा आमचं बोलणं म्हणजे गोळी घेतलीस का, वॉकर कुठे ठेवलास, पाणी का नाही प्यायलीस. आता भेटायला गेले की आम्ही पूर्वीसारख्या भांडतो, राजकारणावरून वगैरे, आणि मजा येते. आंघोळीला मदतनीस असते, आई म्हणते परकी बाई बरी, तुझ्यासमोर मला लाज वाटायची. वाईट म्हणाल तर लाँड्री. आईच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी स्वेटर, आणि श्रवणयंत्र एकदा चादरीत गुंडाळून धुवायला गेलं ते गेलंच. प्रत्येक कपड्यावर, चष्म्याच्या घरावर, कवळीच्या डबीवर नाव घाला, लगेच घाला.

कंपवात
आमच्या बाबांना पार्किन्सन्स. ज्यांच्याकडे हा आजार आहे त्यांनी हे नीट वाचा. अशा ठिकाणी औषधांची फेरी असते, म्हणजे एक जण ट्रॉली घेऊन खोल्या करत येतो, सकाळची गोळी साधारण अमुक ते अमुक वाजेपर्यंत. बीपीच्या गोळीला अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे झाला तर सहसा बिघडत नाही, पण लेव्होडोपा (पार्किन्सन्सची गोळी) वेळेवर मिळाली नाही की बाबा लाकडासारखे होतात. खुर्चीतून उठता येत नाही, घास गिळता येत नाही, आणि मग ट्रॉलीवाला म्हणतो "आज काका सहकार्य करत नाहीयेत". अहो सहकार्य कसं करतील, गोळी तुमच्या खिशात आहे! मॅनेजरशी बोललो तर तो हो हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कारण तो ज्याला सांगतो तो माणूस शिफ्ट संपवून गेलेला असतो. शेवटी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर फेरीची वेळ न लिहिता घड्याळातली नेमकी वेळ लिहून घेतली, ती केअर प्लॅनमध्ये (कुणाला कधी काय द्यायचं याची तिथली नोंद) चढवायला लावली, आणि बाबांच्या मनगटावर अलार्मचं घड्याळ बांधलं. आता अलार्म वाजला की बाबाच बेल दाबतात. हात थरथरत असताना बेल दाबता येते का, हेही बघून घ्या, आमच्याकडची बटणं बारीक होती.

बाकी जागा छान आहे, खोटं कशाला बोलू. बाथरूमला हाताला धरायला दांडे, कुठे उंबरा नाही, व्यायाम रोज घेतात. घरी एवढं नसतं जमलं.

रात्रपाळी
मी नर्स आहे, अशा ठिकाणी काम केलंय. पहिली गोष्ट, हे हॉस्पिटल नाही. नर्स चोवीस तास असेलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी रात्री फक्त मदतनीस असतात. त्यामुळे प्रश्न असा विचारा की रात्री दोन वाजता या मजल्यावर जागे किती आणि त्यात नर्स कोण. बेलचा रेकॉर्ड ठेवत असतील तर तो मागा.

दुसरं, दाखल करताना एक तपासणी होते. बहुतेक ठिकाणी तिचा पाया अजूनही सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली मांडलेली ६ कामंच असतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आपल्या हाताने खाणं. यातल्या किती कामांना मदत लागते त्यावर लेव्हल ठरते आणि लेव्हलवर बिल. लोक आजचं बिल बघून सही करतात, पण पडझड झाली किंवा आजारपण आलं की तपासणी पुन्हा होते, तेव्हा वरच्या लेव्हलचे दर आत्ताच लेखी घ्या. तुमच्या सासूबाईंना सध्या फक्त आंघोळीला मदत लागत असेल तर खालची लेव्हल.

स्वतः राहणारा
मी ७६, बायको गेल्यावर स्वतः आलो, मुलांनी आणलं नाही. बुद्धिबळाला तीन भिडू मिळाले, घरी भिंतीशी खेळत होतो. तक्रार एकच, दारावर टकटक करतात आणि 'या' म्हणायच्या आत आत शिरतात. आणि "चला आजोबा, आता आपण शर्ट घालू या हं". शर्ट मी घालणार, 'आपण' कोण? सांगून सांगून दोघी सुधारल्या, मग त्या नोकरी सोडून गेल्या आणि नव्या आल्या. सासूबाईंना खोली बघायला बरोबर न्या, त्यांच्या पाठीमागे ठरवू नका.

परत आणलं
आम्हाला सहा महिन्यांत आत्याला परत आणावं लागलं. विसरभोळेपणा होता, संध्याकाळ झाली की बेचैनी वाढायची, घरी जायचं म्हणून गेटपाशी. त्यांनी कळवलं की आमच्याकडे याची सोय नाही, महिन्याभरात दुसरीकडे बघा. चिडलो, पण करारात कलम होतं, बारीक अक्षरात. कोणत्या परिस्थितीत ते तुम्हाला निघा म्हणू शकतात ते कलम आधी वाचा, बाग नंतर बघा.

पण त्यांची एक गोष्ट मानतो. तिथल्या एका मदतनिसाने एका सकाळी फोन केला, आज आत्या वेगळ्याच बडबडतायत, रोजचं नाही हे. आम्ही म्हणणार होतो की आजार वाढला. तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं, औषधाने दोन-चार दिवसांत पूर्वीसारख्या. म्हाताऱ्या माणसाचं असं अचानक बिघडलं तर आधी इन्फेक्शन बघायचं असतं हे तेव्हा कळलं. ती मुलगी रोज आत्याकडेच असायची म्हणून तिला फरक दिसला, रोज नवा चेहरा असता तर कुणाला कळणार होतं.

(धागाकर्ती)
खूप काही कळलं, लाँड्रीचं तर डोक्यातच नव्हतं. आजोबा, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, म्हणाल्या या माणसाचं बरोबर आहे. एक विचारायचं राहिलं, हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं तर खोलीचं काय?

रात्रपाळी
जागेगणिक वेगळं. काही ठिकाणी पूर्ण भाडं चालू राहतं, काही ठिकाणी फक्त मदतीचे पैसे कमी करतात, आणि डिस्चार्जनंतर पुन्हा तपासणी करून मगच आत घेतात, म्हणजे घेणार नाही असंही म्हणू शकतात. कायमचं ठरवण्याआधी थोड्या मुदतीचं राहणं मिळतं का विचारा, मिळालं तर त्यात एक शनिवार-रविवार येईल असं बघा. सुट्टीच्या दिवशी स्टाफ कमी असतो, तेव्हाच संध्याकाळी न सांगता चक्कर मारा.

थोरली
आणि जाताना नाव घालायचा पक्का मार्कर घेऊन जा, ते विसरू नका.