ग्लायकोलिक ॲसिड आपल्या मराठवाड्याच्या उन्हात लावावं का?

रानजाई_परभणी: हॉस्टेलमधल्या सगळ्या पोरी सध्या ग्लायकोलिक, म्हणजे तोंडाला लावायचं सौम्य ॲसिड, लावायलेत. मेलेल्या पेशींची पकड ढिली होते, कातडी नितळ दिसते, डाग फिके पडतात, ते खरंय. पण रीलवाले बसलेत एसीत अन् इथं मे मधी पारा ४२-४३ ला, दुपारी स्कूटीवर स्टँडपर्यंत गेलं तरी स्टोलच्या आत गाल भाजायलेत. त्यात ह्या ॲसिडनं ऊन जास्त लागतं, लावणं बंद केलं तरी आठवडाभर सांभाळावं लागतं. उन्हाळ्यात नकोच म्हणते मी.

लातूरची_पोर: कामून नको? ५-७ टक्क्याचं, आठवड्यातून दोनदा, रात्री, सकाळी सनस्क्रीन, एवढं पाळलं तर काय होतंय? माझ्या कपाळावरच्या बारीक पुटकुळ्या याच्यानंच बसल्या. लोक रोज चोपडतात, वरून रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चं क्रीम), वरून स्क्रब, मग तोंड लाल झालं की शिव्या बाटलीला!

रानजाई_परभणी: सनस्क्रीन म्हणजे दोन बोटं भरून अन् उन्हात दर दोन तासाला पुन्हा. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत नाही. मेसचे पैसे द्यायचे का ट्यूब आणायची?

ऊसवाला_बप्पा: उसात असतंय ना ते? मग नॅचरलच की 😄

लातूरची_पोर: बप्पा, बाटलीतलं बहुतेक कारखान्यातल्या रसायनापासून बनतं. अन् नॅचरल असलं म्हणून भाजत नाही असं कुठंय, बिब्बा लावून बघा.

मेडिकल_काऊंटर_बीड: मुरमं अन् तेलकट तोंड असंल तर ग्लायकोलिकपेक्षा २ टक्के सॅलिसिलिक (हेबी तोंडाला लावायचं ॲसिडच) बरं, ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रात उतरतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असली तर मात्र नको. पण तुमच्या भांडणात खरी गोष्ट राहूनच गेली. आपल्या सावळ्या कातडीवर जळजळ झाली की काळा डाग पडतो अन् महिनोन्महिने जात नाही. त्यात काऊंटरला रोज कुणीतरी गोरं व्हायची ट्यूब मागतंय, चिठ्ठी नाही काही नाही, त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं, लावून लावून कातडी पातळ होते, अन् अशा तोंडावर लगीनसराईत पार्लरमधी पील, म्हणजे कडक ॲसिडनं वरची कातडी सोलणं! तिथं ३०-५० टक्क्याचं ग्लायकोलिक वापरलं तर ते डॉक्टरचं काम आहे, पार्लरवालीचं नाही.

लातूरची_पोर: हे पटलं. पण त्याच्यात माझ्या ५ टक्क्याचा काय दोष?

रानजाई_परभणी: बरं माय, पाऊस पडू दे, जूनमधी बघते.

मेडिकल_काऊंटर_बीड: ढगातूनबी यूव्ही (उन्हातले कातडी भाजणारे किरण) येतंय, सनस्क्रीन तवाबी लागतंच.

रानजाई_परभणी: मग दिवाळीनंतर!