साथीतल्या चांगल्या बातमीला काय म्हणावं? : दिलासा, उतार, ओसरणे

मनीप्लांट : आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत २०२०-२१ च्या कोरोना साथीतल्या बऱ्या बातम्यांची चार पानं करायची आहेत. कात्रणं जमली आहेत. २५ मार्च २०२०, गुढीपाडवा : पुण्यातले पहिले दोन रुग्ण नायडू रुग्णालयातून घरी गेले. २५ डिसेंबर २०२० : धारावीत एप्रिलमध्ये पहिला रुग्ण सापडल्यापासून प्रथमच दिवसभरात एकही नवा रुग्ण नाही. १६ जानेवारी २०२१ : लसीकरण सुरू. अडलंय ते पानाच्या मथळ्यापाशी. 'सकारात्मक बातम्या' असं लिहून दाखवलं, तर समितीतले एक काका म्हणाले, "पॉझिटिव्ह आलेल्यांची यादी कशाला छापताय?" 'आशेचा किरण' नको, घासून गुळगुळीत झालाय. दिलासा, उतार, ओसरणे यांतलं कुठे काय शोभेल?

खडूफळा : तिन्ही शब्द वेगवेगळ्या जागचे आहेत. दिलासा मूळ फारसी, त्यात 'दिल' आहेच. दिलासा मिळतो तो माणसाला, आणि संकट अजून उभं असताना. ते टळलं की आपण 'सुटलो' म्हणतो. उतार पडतो एका रोग्याच्या दुखण्याला : 'काल रात्रीपासून तापाला उतार आहे.' ओसरतं ते पसरलेलं काहीतरी : पूर, गर्दी, लाट, साथ. 'रुग्ण ओसरला' असं कुणी म्हणत नाही. तेव्हा पाडव्याची बातमी उताराची, धारावीची ओसरण्याची आणि लसीची दिलाशाची.

लॅबवाली : 'दिलासा'वर माझा जुना राग आहे. रविवारी चाचण्या कमी व्हायच्या, त्यामुळे सोमवार-मंगळवारचा आकडा आपोआप खाली यायचा आणि लगेच मथळा : 'मोठा दिलासा, रुग्णसंख्येत घट'. बुधवारी आकडा परत वर. कमी कशामुळे झालं, साथीमुळे की चाचण्यांमुळे, हे पाहायला आम्ही शंभर चाचण्यांमागे किती बाधित हे प्रमाण बघायचो. 'दुपटीचा कालावधी वाढला', म्हणजे रुग्ण दुप्पट व्हायला आता जास्त दिवस लागतात, हीसुद्धा अशीच एक बातमी. वाक्यात 'वाढला' आहे म्हणून घरचे घाबरायचे, खरं तर ती चांगली बातमी. पण तीत रुग्ण कमी झालेले नसतात, वाढण्याचा वेग मंदावलेला असतो. इथे 'ओसरली' लिहिणं चूकच. 'जोर मंदावला' म्हणा.

खडूफळा : मान्य. 'जोर' माझ्या यादीत घालतो. 'पावसाचा जोर कमी झाला' म्हणताना पाऊस चालूच असतो, तसंच हे.

कोकणातला : दिलाशाचे शब्द आपल्याकडे घरात भरपूर होते, वर्तमानपत्रं वाचून विसरलो. कांजिण्यांत खपल्या धरल्या की घरात जरा हलकं वाटायचं. मग कडुनिंबाचा पाला घातलेल्या पाण्याने आंघोळ. 'पोरीने डोक्यावरून पाणी घेतलं' एवढं कळलं की शेजारपाजाऱ्यांना आणखी काही विचारावं लागत नसे. 'औषधाचा गुण आला', 'आज जरा हुशारी वाटतेय', 'पेज मागून घेतली' हे सगळे उताराचेच टप्पे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्या लोकांनी 'मानमोडी' असं नाव दिलं. रोगाला नाव ठेवणारी माणसं बरं होण्यालाही आपले शब्द वापरणारच.

मनीप्लांट : 'डोक्यावरून पाणी घेतलं' फारच आवडलं. पण तरुण मंडळींना कळेल का?

कोकणातला : नाही कळलं तर आजीला विचारतील. तेवढंच बोलणं होईल.

उपसंपादक : माझे दोन पैसे. 'कोरोनावर मात' हा शब्दप्रयोग टाळा. मात हा बुद्धिबळातला शब्द. एकाची मात म्हटली की दुसऱ्याचा डाव हरला असं येतं. मग जे गेले ते काय खेळात कमी पडले? त्यांचे घरचेही ही स्मरणिका वाचणार आहेत. दुसरं, 'कोरोनामुक्त' एकाच पानावर माणसाला आणि गावाला दोघांना लावू नका. मुक्त झालेलं गाव पुढच्या आठवड्यात पुन्हा बाधित होऊ शकतं. तिसरं, 'सक्रिय रुग्ण'! अंथरुणावरून उठवत नाही अशा माणसाला सक्रिय म्हणायचं? 'उपचाराधीन' बरा.

लॅबवाली : 'निगेटिव्ह होऊन घरी' हेही सरसकट लिहू नका. ८ मे २०२० च्या नव्या नियमानंतर सौम्य लक्षणांच्या रुग्णांना दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा चाचणी न करता सोडायला लागले. ते बरे होते, पण निगेटिव्ह असा कागद त्यांच्याकडे नव्हता. शेजाऱ्यांनी तो कागद मागून काहींना जिन्यात अडवलं, तो वेगळाच विषय.

उपसंपादक : म्हणून आरोग्य खात्याच्या रोजच्या पत्रकातलं 'बरे होऊन घरी' हेच मला सगळ्यांत नेमकं वाटतं. सरकारी मराठीवर आपण एरवी तोंडसुख घेतो, पण इथे तीन साध्या शब्दांत काम झालंय.

मनीप्लांट : ठरलं. पानाचा मथळा 'बरे होऊन घरी'. धारावीच्या कात्रणावर 'साथ ओसरली' घालू का?

लॅबवाली : नको! ते डिसेंबरचं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, विसरलात? 'दिवसभरात एकही नवा रुग्ण नाही' असंच लिहा, जे झालं तेवढंच.

मनीप्लांट : बरं. शेवटची शंका : 'ओसरत चालली' आणि 'ओसरत आली' यांत फरक आहे की नुसती लकब?

खडूफळा : आहे. 'चालली' म्हणजे पाणी उतरायला लागलंय, अजून बरंच उरलंय. 'आली' म्हणजे संपायच्या बेतात. मे २०२१ चं कात्रण असेल तर 'चालली'. रुग्ण कमी व्हायला लागल्यावरही मृत्यूंचे आकडे दोन-तीन आठवडे मागून येत असतात, तेव्हा 'आली' म्हणायची घाई नको.