९ एमएम आणि .४५ च्या पुंगळ्या ट्रिम करणं: निव्वळ वेळेचा चुराडा?

पितळखोर (ह्यूस्टन)

थेट मुद्द्यावर येतो. घरी फक्त ९ एमएम किंवा .४५ एसीपी ही पिस्तुलाची काडतुसं रीलोड करणाऱ्याने (म्हणजे वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी भरणाऱ्याने) पुंगळीचं तोंड कापून लांबी कमी करणारा ट्रिमर विकत घेऊ नये. घेऊन ठेवला असेल तर रायफलसाठी वापरावा.

इथे टेक्सासात रेंजवर जाणारे आणि गॅरेजमध्ये काडतुसं भरायचा प्रेस बसवलेले आपले लोक आता बरेच दिसतात. नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला: "पुंगळ्या किती मापाला कापायच्या?" त्याचा दोष नाही. रीलोडिंगच्या पुस्तकात प्रत्येक काडतुसाखाली ट्रिम लेंग्थ छापलेली असते. ९ एमएमची कमाल लांबी ०.७५४ इंच, कापायची ०.७५१. छापलंय म्हणजे करायलाच हवं, असा आपला खाक्या.

पण जरा कॅलिपर हातात घ्या. रेंजवरून उचललेल्या मूठभर पुंगळ्या साइझ करून (प्रेसवरच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून मूळ जाडीला आणून) मोजा. ०.७४५, ०.७४८, ०.७५०, पुन्हा ०.७४६. जी मुळातच ०.७५१ च्या खाली आहे ती ०.७५१ ला कापणार कशी?

रायफलची गोष्ट वेगळी. तिथल्या मान असलेल्या पुंगळीत पितळ दर बाराला पुढे सरकतं आणि लांबी वाढत जाते. वेळेवर कापली नाही तर तोंड चेंबरच्या (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) टोकाला जाऊन अडकतं, गोळी आवळली जाते आणि दाब भलताच चढतो. तिथे ट्रिमिंग हा सुरक्षेचा भाग आहे, त्यात वाद नाही. पिस्तुलाची पुंगळी सरळ भिंतीची. ती बाहेरच्या बाजूला फुगते आणि फुगताना लांबीत किंचित आखडते. .४५ ची तर दाबाची कमाल मर्यादाच २१,००० पीएसआय. ही पुंगळी शेवटी भंगारात जाते ती तोंडाला चीर पडून किंवा प्रायमरचा खिसा सैल होऊन. नाहीतर गवतात हरवून. लांबी वाढली म्हणून टाकलेली मी तरी पाहिलेली नाही.

आणि हा उद्योग करायचा म्हणजे साइझ करा, प्रेसवरून उतरवा, कापा, आतून-बाहेरून बर (कापल्यावर कडेला उरलेली धार) काढा, परत प्रेसवर चढवा. मग प्रोग्रेसिव्ह प्रेस (दांडा ओढला की सगळी कामं ओळीने करणारा) घेतलाच कशाला?

रिव्हॉल्व्हरवाले_काका (फिनिक्स)

पितळखोर, शीर्षकात ९ एमएम आणि .४५, आणि खाली मजकुरात "पिस्तुलाची पुंगळी" असं सरसकट. नवा माणूस खालचंच वाचणार आणि .४४ मॅग्नमलाही तोच नियम लावणार.

रिव्हॉल्व्हरच्या जोरदार काडतुसात रोल क्रिंप असतो. पुंगळीचं तोंड आत वळून गोळीवरच्या खाचेत बसतं. सगळ्या पुंगळ्यांसाठी डायचं सेटिंग मात्र एकच. पुंगळी लांब निघाली की तोंड वेळेआधीच वळायला लागतं, खाचेच्या बाहेर गोळीच्या अंगात रुततं, जागा उरली नाही की क्रिंपच्या खाली भिंत फुगते. ते काडतूस सिलिंडरमध्ये जातच नाही. बोट फिरवलं की फुगवटा हाताला लागतो. आखूड निघाली तर उलटा त्रास: क्रिंप धरतच नाही. .४४ चा धक्का बसला की सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या दर बाराला थोड्या थोड्या पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावली की सिलिंडर फिरायचा थांबतो. हातात भरलेलं आणि अडकलेलं रिव्हॉल्व्हर. ते मोकळं करायला काय कसरत करावी लागते ते रेंज ऑफिसरला विचारा.

मी .४४ आणि .३५७ च्या नव्या पुंगळ्या आणल्या की एकदा सगळ्या एका मापाला आणतो. एकदाच. पुढे तो गठ्ठा एकत्रच वापरायचा, दुसऱ्यात मिसळायचा नाही.

टूलरूम_भोसरीवाला (मिशिगन)

काकांशी सहमत, आणि मी आणखी पुढे जाईन. आमच्या धंद्यात पहिलं शिकवतात ते हे की इनपुटचं माप हलत असेल तर पुढचं प्रत्येक ऑपरेशन हलतं. पुंगळीचं तोंड गोळी बसवण्यापूर्वी थोडं उघडतात, ते बेलिंग लांबीवर अवलंबून. लांब असेल तर जास्त उघडणार, तोंड लवकर थकणार आणि चिरणार. आखूड असेल तर कमी उघडणार, आणि शिशाची गोळी बसताना कडेने सोलून निघणार. क्रिंपचंही तेच. पाच-सहा थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक "चालतोय" म्हणणाऱ्याला आमच्या फोरमनने दारातूनच परत पाठवलं असतं.

९ एमएमही अपवाद नाही. वेळ लागतो ही तक्रार आहे, तांत्रिक मुद्दा नाही.

पितळखोर

काका, मान्य. .४४ च्या जोरदार लोडला ट्रिम करा, माझं काही म्हणणं नाही. मजकुरात "ऑटो पिस्तूल" असं वाचावं.

भोसरीवाले, तुम्हाला मात्र एक प्रश्न. माझ्या डब्यात ०.७४४ पासून ०.७५२ पर्यंत पुंगळ्या आहेत. सगळ्या एकसारख्या करायच्या म्हटलं तर कुठे आणायच्या? कापून लांबी कमी होते, वाढत नाही. म्हणजे सगळ्यात आखूड पुंगळीच्या मापाला. चांगल्या लांब पुंगळ्या मुद्दाम खराब करायच्या?

बुल्सआय_ओहायो

या प्रश्नातच सगळं आलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

९ एमएम आणि .४५ एसीपीला रिम (बुडाची कडा) बाहेर आलेली नसते. काडतूस चेंबरमध्ये किती आत जायचं ते पुंगळीच्या तोंडावर ठरतं. तोंड चेंबरच्या पुढच्या कडेला टेकतं आणि थांबतं. सामीच्या (काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकन संस्था) मापांप्रमाणे ९ एमएमचं चेंबर ०.७५४ पासून ०.७७६ पर्यंत चालतं, पुंगळी ०.७४४ ते ०.७५४. म्हणजे आखूड पुंगळी ऐसपैस चेंबरमध्ये पडली तर ३२ थाऊची मोकळी जागा, आणि तरीही दोन्ही वस्तू ड्रॉइंगप्रमाणे पास! तोंड कडेला टेकतच नाही. काडतूस मागून एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) नखाने धरून ठेवलेलं असतं, फायरिंग पिन मारते तेव्हाही. पिस्तूल चालतं, पण गोळीची सुरुवात दर वेळी त्याच जागेवरून होत नाही.

अशा वेळी पुंगळी कापणं म्हणजे मोकळी जागा आणखी वाढवणं. रिव्हॉल्व्हरला काडतूस रिमवर थांबतं, तिथे तोंडाकडून दोन थाऊ कापले तरी काडतुसाची बैठक तीच राहते. काका बरोबर आहेत, पण त्यांचं बरोबर असणं ९ एमएमला लागू होत नाही. भोसरीवाल्यांचा नियम टूलरूममध्ये खरा आहे, कारण तिथे जॉब ओव्हरसाइझ येतो आणि आपण मापाला आणतो. इथे जॉब अंडरसाइझच येतो.

पितळखोरांशीही मी पूर्ण सहमत नाही. लांबीने फरक पडत नाही असा त्यांचा सूर आहे. पडतो. आमच्या बुल्सआय पिस्तूल स्पर्धेत स्लो फायर (सावकाश नेम धरून) ५० यार्डांवर, एका हाताने, आणि १० ची रिंग ३.३६ इंचांची. ओहायोतल्या कॅम्प पेरीला राष्ट्रीय स्पर्धेसाठी येणाऱ्या जुन्या लोकांची .४५ ची पेटी उघडून बघा. एकाच हेडस्टॅम्पच्या (बुडावरच्या शिक्क्याच्या) पुंगळ्या, त्यातून लांब निवडून ५० यार्डांसाठी वेगळ्या ठेवलेल्या. बाकीच्या २५ यार्डांच्या टाइम्ड आणि रॅपिड फायरला. कापत कोणी नाही. निवडतात. दुसरी युक्ती: २०० ग्रेन वजनाची शिशाची सेमी-वॉडकटर (खांदा असलेली, सपाट टोकाची गोळी) अशी बसवायची की तिच्या खांद्याचं शिसं पुंगळीच्या तोंडाबाहेर अंगठ्याच्या नखाच्या जाडीएवढं राहील. मग काडतूस गोळीच्या खांद्यावर टेकतं आणि पुंगळी आखूड असली तरी बिघडत नाही. मात्र हे आपल्याच बॅरलमध्ये टाकून तपासायचं. बॅरल काढून हातात धरा, काडतूस आत सोडा, टक्कन आवाज करत बसलं पाहिजे आणि उलटं केल्यावर आपोआप पडलं पाहिजे.

टूलरूम_भोसरीवाला

३२ थाऊचं गणित बरोबर आहे, त्यावर वाद घालत नाही. पण निवड म्हणजे सॉर्टिंग, आणि सॉर्टिंगला प्रत्येक पीस मोजावा लागतो. वेळ वाचतो कुठे? आणि नव्या पुंगळ्यांच्या एकाच लॉटमध्येही तोंड वाकडं कापलेलं सापडतं. एका बाजूने मोजलं तर एक माप, फिरवून मोजलं तर दुसरं. ते तोंड काटकोनात आणायला हलकासा कट लागतोच. हे तरी मान्य कराल?

बुल्सआय_ओहायो

तोंड वाकडं असेल तर कट घ्या किंवा ती पुंगळी सरावाला टाका. मी सरावाला टाकतो.

सातारकर_पुण्यात

बाहेरून वाचतोय. इथे आपल्याकडे हे घरी करता येतं का? नेमबाज राही सरनोबत वगैरे लोक स्वतः काडतुसं भरतात का?

पितळखोर

सातारकर, भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. घरी प्रेस घेऊन बसायच्या फंदात पडू नका. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. आणि राहीताईंचा २५ मीटर पिस्तूल हा प्रकार .२२ चा. .२२ रिमफायरचा स्फोटक मसाला रिमच्या आतच भरलेला असतो, वेगळा प्रायमर नसतोच. पिन रिमला चेपते, पुंगळी संपली.

नवखी_डॅलस

मी नुकतीच सुरुवात केली आहे, ९ एमएमच. दुकानात ट्रिमरशिवाय किट अपुरं म्हणून सांगितलं, इथे वाचून थांबले आणि आधी डब्यातल्या पुंगळ्या मोजायला बसले. ०.७५४ च्या वर एकही नाही. पण एक चक्क ०.६७६ भरली! इतकी आखूड कशी? वापरू का?

रिव्हॉल्व्हरवाले_काका

ताई, बूड बघा. "३८० ऑटो" लिहिलेलं असेल. ते वेगळं काडतूस, कमाल लांबीच ०.६८०. रेंजवरून उचललेल्या ढिगात ९ एमएमबरोबर येतंच, लांबून सारखं दिसतं. बाजूला काढा. प्रोग्रेसिव्हवर गेलं असतं तर बेलिंगची डाय तोंडापर्यंत पोचली नसती आणि वर ठेवलेली गोळी कोलमडली असती.

नवखी_डॅलस

बरोबर, ३८० ऑटोच आहे. धन्यवाद काका. म्हणजे ट्रिमर नको, कॅलिपर हवा?

पितळखोर

कॅलिपर, आणि पुंगळ्यांचं बूड वाचायची सवय. हा शोधही मोजण्याने लागला, कापण्याने नाही, याची नोंद घ्यावी :)

टूलरूम_भोसरीवाला

मोजण्याने लागला ना? मग तुमच्या मूळ लेखात "मोजा" हा नियम कुठे आहे? तुम्ही नमुन्याला मूठभर मोजल्या आणि विषय संपवलात. ताईंनी सगळा डबा मोजला म्हणून ती सापडली.

पितळखोर

.३८० ओळखायला कॅलिपर लागत नाही हो, सॉर्ट करताना डोळ्यालाच आखूड दिसते. प्रत्येक ९ एमएम पुंगळी मोजायला मी बसणार नाही, शनिवार सकाळ मला रेंजवर घालवायची आहे.

रिव्हॉल्व्हरवाले_काका

भोसरीवाले आणि पितळखोर, तुमचं चालू द्या. ताई, पुढेमागे .३५७ घेतलंत तर मात्र ट्रिमर लागेल. तेव्हाही महागडा नको, ली कंपनीचा साधा गेज-कटर ड्रिलला लावून काम भागतं. कापल्यावर बर काढायला विसरू नका, नाहीतर शिशाची गोळी सोलून निघेल.

पितळखोर

काका, .३५७ ला तरी हलक्या टार्गेट लोडला कशाला? तिथे क्रिंपचा कस लागतोच कुठे?

रिव्हॉल्व्हरवाले_काका

हलका लोड म्हणून वेगळा गठ्ठा ठेवणारा माणूस दाखवा. पुंगळी एकच, आज हलका, उद्या त्याच डब्यातून जोरदार भरणार. मी तरी कापून ठेवणार.